लिंटेलवर ड्रिल अडतं, ब्लाइंडचा ब्रॅकेट पुन्हा पुन्हा निखळतो: कारण आणि इलाज

खिडकीवर ब्लाइंड लावायचा म्हणून खुणा केल्या, मशीनला भिंतीचं बिट लावलं, हॅमर चालू केला. पहिला सेंटिमीटरभर बिट सहज आत गेलं. मग एकदम आवाज बदलला, मशीन किंचाळायला लागलं आणि बिट जागच्या जागी फिरत राहिलं. जोर लावला तर करपट वास. शेजारी दुसरं भोक पाडलं, तिथेही तेच. शेवटी वैतागून गट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकतात तो प्लग) अर्धी कापली, तेवढ्याच भोकात ठोकली, स्क्रू पिळला आणि ब्लाइंड टांगला. दोन आठवड्यांनी तो गिलाव्याच्या ढपलीसकट खाली आला.

माझ्याकडे हे तीनदा झालं. दर वेळी मी थोडी मोठी गट्टी आणि थोडा जाड स्क्रू वापरला, आणि दर वेळी पडलेली ढपली आधीपेक्षा मोठी निघाली. तिसऱ्या खेपेला ती ढपली हातात घेऊन नीट पाहिली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गट्टी तिच्यात अजून घट्ट बसलेली होती, स्क्रूही जराही सैल नव्हता. सुटला होता तो गिलावा. बारा मिलिमीटरच्या थरावर मी ब्लाइंडचं वजन टाकलं होतं, शिवाय रोज साखळी ओढताना बसणारे हिसके. गट्टी फुगते आणि आजूबाजूला दाब देते. तो दाब झेलायला वीट किंवा काँक्रीट लागतं, गिलावा त्या दाबाने फुटतो. म्हणजे गट्टी जितकी मोठी, तितकं नुकसान जास्त.

तेव्हा ब्रॅकेट निखळत असेल तर आधी भोक पाहा. ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर संपत असेल तर गट्टी बदलून काही होणार नाही.

आत काय आहे ते आधी ओळखा

खिडकीच्या वरच्या भिंतीचं वजन पेलायला जी आडवी तुळई घालतात ते लिंटेल. ते काँक्रीटचं असू शकतं, जस्ताचा मुलामा दिलेल्या वाकवलेल्या पोलादी पत्र्याचं असू शकतं, जुन्या बांधकामात लोखंडी अँगल किंवा नुसतं लाकूडही सापडतं. बाहेरून सगळ्यांवर सारखाच गिलावा आणि सारखाच रंग, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. खुणेपासून पाच-सात सेंटिमीटर डावीकडे किंवा उजवीकडे सरकूनही सुटका होत नाही, कारण लिंटेल खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत साधारण १५० मिमी आत गेलेलं असतं. मी दुसरं, तिसरं, चौथं भोक पाडत गेलो ते हे ठाऊक नसल्यामुळे.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे भुकटी. खाली कागद धरा. पांढरी किंवा फिकट भुकटी गिलाव्याची, लालसर विटेची, करडी काँक्रीटची किंवा ब्लॉकची. करड्या भुकटीत चमचमणारे कण दिसले तर त्यावरून लोहचुंबक फिरवा. कण चिकटले की पोलाद लागलं हे नक्की. मग भोकात बारीक खिळा घालून मागून हळूच टिचकी मारा. पत्रा असेल तर टणटण ऐकू येते, काँक्रीट असेल तर बद्द.

दुसरी खूण खोलीची, आणि ही जास्त बोलकी आहे. दोन-तीन ठिकाणी बिट अगदी एकाच खोलीवर अडत असेल, समजा सगळीकडे बारा मिलिमीटरवर, तर समोर सलग पत्रा आहे. पण एका जागी अडलं आणि तीन सेंटिमीटर बाजूला सरळ आत गेलं, तर लिंटेल काँक्रीटचं आहे आणि तुम्ही सळईवर आदळला आहात. या दोन्हींचा इलाज वेगळा. पत्र्याला भोक पाडायचं असतं, सळईला चुकवायचं असतं.

एक फसवी जागाही आहे. खिडकीच्या गाळ्याची कडा सरळ यावी म्हणून गिलाव्याच्या कोपऱ्यात पातळ धातूची जाळीदार पट्टी बसवतात. काठापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत ड्रिल करताना कण चमकले तर ते त्या पट्टीचेही असू शकतात. ती अगदी पातळ असते, बिट लगेच पार होतं. तिला लिंटेल समजून काम थांबवू नका, आणि तिच्यावर भरवसा ठेवून स्क्रूही आवळू नका.

भोक पाडण्याआधी विजेची तार शोधणं आलंच. तार आणि धातू दोन्ही दाखवणारं साधं शोधयंत्र मिळतं, ते फिरवा. मात्र सलग पोलादी लिंटेलवर ते सगळीकडेच वाजत राहील, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. खिडकीच्या वर किंवा शेजारी दिवा, पंखा, बटण असेल तर त्या भागाची वीज बंद करून बॅटरीच्या मशीनने काम करणं बरं.

भिंतीचं बिट लोखंड का कापत नाही

भिंतीच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा डाख देऊन बसवलेला असतो. त्याला सुरीसारखी धार नसते, ती छिन्नी असते. हॅमर मागून ठोके देतो, छिन्नी वीट किंवा काँक्रीट फोडते, आणि फिरण्यामुळे चुरा बाहेर येतो. पोलाद असं फुटत नाही. पत्रा तर ठोक्याबरोबर थोडा लवतो आणि परत येतो. राहतं ते फक्त घर्षण, आणि घर्षणातून उष्णता. फार तापलं की डाख सैल होतो आणि टोकाचा तुकडा निखळून भोकातच राहतो. असं झालं तर ते भोक सोडून द्या. कार्बाइड पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतं, त्यावर नवं बिट घातलंत तर तेही वाया जाईल.

पोलादासाठी हायस्पीड स्टीलचं बिट लागतं, ज्याला दुकानात आणि कारखान्यात सगळे एचएसएस म्हणतात. त्याला खरी धार असते. पण गोम अशी की गिलाव्यातली वाळू हीच धार काही सेकंदांत घालवते. म्हणून एकाच बिटाने आरपार जायचा मोह टाळायचा. गिलावा भिंतीच्या बिटाने, हॅमर बंद ठेवून. धातू लागला की थांबायचं, भोकातली भुकटी फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढायची (फुंकताना डोळे मिटा, मी मिटले नव्हते), मग एचएसएस बिट लावायचं. सगळ्यात चालतं असं सांगून विकलं जाणारं बहुउपयोगी बिट दोन मिलिमीटरच्या पत्र्यातून जातं खरं, पण वेळ खातं. घरात दोन वेगळी बिटं असतील तर त्यासाठी खर्च करू नका.

हॅमर बंद हे पुन्हा सांगतो, कारण सवयीने हात तिकडेच जातो. गिलाव्यालासुद्धा हॅमर लागत नाही. उलट त्याच्या ठोक्यांनी गिलावा पत्र्यापासून सुटतो आणि बाहेरून शाबूत दिसणारी भिंत आतून पोकळ होते.

वेग, दाब आणि तेल

धातूला भोक पाडताना बहुतेकांची चूक एकच असते, भरधाव वेग आणि हलका हात. व्हायला हवं याच्या उलट. साध्या पोलादाला एचएसएस बिटाच्या धारेचा वेग मिनिटाला साधारण २५ मीटर धरतात. त्यावरून हिशोब केला तर ३ मिमी बिटाला मिनिटाला सुमारे २,६०० फेरे, ५ मिमीला सुमारे १,६००, ७ मिमीला ११०० च्या आसपास. हे आकडे टेबलावर पक्क्या धरलेल्या कामासाठी आहेत. स्टुलावर उभं राहून, हात वर करून काम करताना मी याच्या निम्म्यावर येतो. बिट जितकं जाड, तितका वेग कमी, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

दाब मात्र ठाम हवा. बिट चावा घेत असेल तर भोकातून बारीक गुंडाळी निघते, पेन्सिल तासल्यावर निघते तशी. नुसती काळपट पूड येत असेल तर बिट घासतंय, कापत नाही. अशा वेळी वेग वाढवू नका. थांबा, टोक बघा. निळं पडलं असेल तर धार गेली, बिट बदला.

तेलाने काम सोपं होतं, पण डोक्यावरच्या भोकात तेल ओतता येत नाही, आणि गिलाव्यात मुरलेल्या तेलावर पुढे रंग धरत नाही. मी बिटाचं टोक मेणात रुतवून घेतो. मेण धारेला चिकटून राहतं, तापलं की वितळून तेवढ्यापुरतं काम करतं, आणि भिंतीवर ओघळत नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या पत्र्याला एवढं पुरतं.

बिट घसरणं हा आणखी एक त्रास. उघड्या पत्र्यावर सेंटर पंचाने खड्डा मारता येतो, गिलाव्याआड दिसत नाही म्हणून आपण तो टाळतो. टाळू नका. गिलाव्यातलं भोक ७ मिमीचं केलंत तर बारीक पंच आत जातो. तो पत्र्यावर टेकवून हातोडीचा एकच टोला द्या. त्यानंतर ३ मिमीचं बिट, आणि ते पार झालं की हव्या त्या मापाचं. १३५ अंशांच्या, दुहेरी छाट दिलेल्या टोकाचं बिट मिळालं तर ते पंचाशिवायही फारसं घसरत नाही.

पत्रा पार होण्याचा क्षण सांभाळायचा. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला बिट पत्र्यात अडकतं आणि मशीन मनगटाला झटका देतं. बारीक बिटं मोडतात ती इथेच. आवाज हलका झाला की दाब कमी करायचा आणि बिटाला स्वतःहून पार होऊ द्यायचं. मागे बहुधा पोकळी किंवा उष्णतारोधक भरण असतं, त्यामुळे जोर तसाच ठेवलात तर मशीनचा चक सरळ भिंतीवर आदळतो. माझ्या भिंतीवर तसा एक अर्धचंद्र अजून आहे.

डोळ्यांवर चष्मा हवाच, तोही बाजूंनी बंद असलेला. वर बघून ड्रिल करताना कीस थेट तोंडावर पडतो, आणि तो तापलेला आणि धारदार असतो. सैल कापडी हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या बिटात ते गुंडाळले जातात.

भोक झालं, आता धरणार काय?

इथे पुन्हा गट्टीकडे हात जातो. पत्र्याला गट्टी चालत नाही, दोन मिलिमीटरच्या कडेवर ती फुगून धरणार कशाला? पत्र्यातच आटे पडायला हवेत.

हलक्या ब्लाइंडला सेल्फ-टॅपिंग, म्हणजे भोकात जाताना स्वतःच आटे पाडणारा, स्क्रू पुरतो. आठ नंबरचा, म्हणजे सुमारे ४.२ मिमी जाडीचा स्क्रू आणि २ मिमी पत्रा असेल तर भोक साडेतीन मिलिमीटरचं. लहान केलंत तर स्क्रू मधेच मोडेल, मोठं केलंत तर गरगर फिरेल. लांबी मोजताना ब्रॅकेटची जाडी, गिलावा आणि पत्रा यांची बेरीज करा, वर पाच-सहा मिलिमीटर टोकासाठी. बारा मिलिमीटरच्या गिलाव्याला २५ मिमीचा स्क्रू बरोबर बसतो. गिलाव्यातलं भोक स्क्रूपेक्षा मोठंच ठेवा, नाहीतर स्क्रू जाताना कडा उडवत जातो. लाकडाचे स्क्रू नकोत. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू तर अजिबात नकोत, ते ठिसूळ असतात आणि आवळताना डोकं तुटून हातात येतं.

टोकाशीच ड्रिल असलेले स्वतः भोक पाडणारे स्क्रूही मिळतात. उघड्या पत्र्यावर ते झकास चालतात. गिलाव्याआडून मी वापरून पाहिले, चारांतले दोन वाळूने बोथट होऊन पत्र्यावर नुसते फिरत राहिले. आधी गिलावा साफ केला तर मात्र चालतात.

जाड पत्रा किंवा अँगल असेल, ३ मिमी आणि पुढे, तर टॅपने आटे पाडून मशीन स्क्रू लावणं सगळ्यात चांगलं. एम-५ साठी (म्हणजे ५ मिमी जाडीच्या स्क्रूसाठी) भोक ४.२ मिमी, एम-४ साठी ३.३ मिमी. एम-५ च्या आट्यांमधलं अंतर ०.८ मिमी असतं, म्हणजे २ मिमी पत्र्यात जेमतेम अडीच आटे येतात. ते थोडे वाटतात, म्हणून पातळ पत्र्याला मी टॅप करत नाही. तिथे भारी काम असेल, जाड पडद्याची दांडी वगैरे, तर रिव्हेट-नट घाला, म्हणजे पत्र्याच्या भोकात दाबून पक्का बसवायचा, आतून आटे असलेला नट. एम-५ रिव्हेट-नटला साधारण ७ मिमीचं भोक लागतं आणि त्याची कॉलर पत्र्यावर टेकावी म्हणून तिथला गिलावा गोल खरवडून काढावा लागतो. नुसत्या रोलर ब्लाइंडसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही.

शेवटचे दोन-तीन पीळ हाताने द्या. मशीनने आवळलं की एका क्षणात आटे चिरडले जातात. तसं झालंच तर पुढच्या मापाचा, दहा नंबरचा स्क्रू त्याच भोकात धरतो. आणि हाताने आवळतानाही ब्रॅकेट गिलाव्यात रुतेल इतकं पिळू नका. मधला गिलावा चिरडला की स्क्रू घट्ट असूनही ब्रॅकेट डुगडुगतो. एक ब्रॅकेट असा रुतला तर ब्लाइंड तिरका बसतो आणि कापड एका बाजूला सरकत गुंडाळलं जातं. ब्रॅकेटखाली रुंद वॉशर घाला, किंवा गिलाव्याच्या जाडीइतकी छोटी नळी कापून स्क्रूभोवती ठेवा. नळी असली की आवळण्याचा दाब थेट पत्र्यावर जातो.

लाकडी पट्टीचा मार्ग

खरं सांगायचं तर आता मी ब्रॅकेट थेट पोलादात लावतच नाही. खिडकीच्या रुंदीची लाकडी पट्टी, ४० बाय २० मिमीच्या आसपास, भिंतीच्या रंगात रंगवून लिंटेलवर चार स्क्रूंनी बसवतो आणि ब्लाइंडचे ब्रॅकेट त्या पट्टीवर. फायदा असा की पोलादातली भोकं जिथे जमतील तिथे पाडता येतात. एक फसलं तर चार सेंटिमीटर सरका, पट्टी सगळं झाकते. ब्रॅकेटची जागा मात्र मिलिमीटरपर्यंत हवी तिथे मिळते. पुढे ब्लाइंड बदलला, नव्याच्या ब्रॅकेटची भोकं वेगळी निघाली, तरी पोलादाला हात लावायचा नाही. पट्टी समोरून लावली तर ब्लाइंड दोन सेंटिमीटर पुढे येतो आणि खिडकीच्या मुठीवर घासायचा थांबतो, हा वरचा लाभ.

जमेल तिथे पट्टी समोरच्या बाजूला लावा, खालच्या बाजूला नको. समोरून लावलेल्या स्क्रूवर भार आडवा येतो, खालून लावलेल्यावर सगळं वजन त्याला सरळ उपसून काढायला बघत असतं. दुसरं कारण लिंटेलचंच. वरून भार आला की तुळई किंचित वाकते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. चार-पाच मिलिमीटरच्या दोन-चार भोकांनी घरगुती खिडकीच्या लिंटेलला सहसा धोका नसतो, पण तरी ताणलेल्या बाजूला हात न लावलेला बरा. मोठी भोकं, खाचा, ग्राइंडरने काप, हे काही करायचं नाही. रुंद गाळ्यावर जाड गर्डर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल बाहेर काढू नका.

सळई लागली असेल तर

काँक्रीटच्या लिंटेलमध्ये मुख्य सळया खालच्या बाजूला असतात आणि त्यांच्यावर काँक्रीटचं आवरण बहुधा २० ते २५ मिमीचंच असतं. खालून भोक पाडलं की त्या हमखास भेटतात. सळई कापायची नाही. दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरका, किंवा समोरच्या बाजूने, थोडं वर जाऊन भोक घ्या. इथे हॅमर आणि गट्टी दोन्ही चालतात. फक्त गिलाव्याची जाडी वजा करून गट्टी पूर्ण काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. पूर्वताणित काँक्रीटचं लिंटेल असेल तर आतल्या तारा ताणून बसवलेल्या असतात. त्याच्या खालच्या बाजूला भोक नकोच.

कशातच जमलं नाही तर ब्लाइंड गाळ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत लावता येतो, तिथे साधी वीट किंवा ब्लॉक असतो. किंवा ब्रॅकेट लिंटेलच्या वर न्या. दुतर्फी चिकटपट्टी मी एकदा वापरली. ती भिंतीला नाही, रंगाला चिकटते. उन्हाने तापलेल्या खिडकीवर ती रंगाची साल घेऊन उतरली.

उरलेली साफसफाई

पोलादाचा कीस खिडकीच्या कट्ट्यावर किंवा गिलाव्याच्या खाचेत राहिला तर दमट हवेत गंजतो आणि काही आठवड्यांनी पांढऱ्या रंगातून तांबूस ठिपके वर येतात. ड्रिल करताना खाली कागदाचा खिसा चिकटवा, नंतर व्हॅक्यूम फिरवा, शेवटी कापडात गुंडाळलेलं चुंबक. भोकाच्या कडेचा जस्ताचा मुलामा गेलेला असतो, तिथे काडीने जस्तयुक्त प्रायमरचा ठिपका लावा आणि स्क्रू गंज न धरणारे वापरा.

आधीची फसलेली भोकं भरताना सुटा गिलावा बोटाने दाबून पाहा. पोकळ वाजला तर तेवढा काढून टाका, पत्र्यावरची धूळ पुसा, भोक खोल असेल तर दोन थरांत पुट्टी भरा आणि पहिला थर पूर्ण वाळू द्या. नवी भोकं त्या पुट्टीतून घेऊ नका, निदान चार सेंटिमीटर बाजूला घ्या. महिन्याभराने ब्रॅकेट हाताने हलवून पाहा. हलला तर स्क्रू किंचित पिळा. तो नुसताच फिरला तर आटे गेलेत, जाड स्क्रू घाला. तो घट्ट आहे आणि ब्रॅकेट तरीही हलतोय, तर मधला गिलावा चिरडलाय. तिथे नळी घाला.